'यथार्थदर्शन' की 'यथादर्शन'? चित्रकलेच्या तासाला पडलेला प्रश्न

प्रश्न (कलाशिक्षिका, बडोदे) :

मी आठवी-नववीच्या वर्गांना चित्रकला शिकवते आणि घरी मराठी बोलणारी मुले वर्गात बरीच असल्यामुळे पारिभाषिक शब्द फळ्यावर मराठीतही लिहून देते. मागच्या आठवड्यात 'यथार्थदर्शन' (पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे वस्तू एका जागेवरून जशी दिसते तशी काढणे) असे शीर्षक देऊन समोर ठेवलेले टेबल काढायला सांगितले, तेव्हा एका मुलाने टेबलाचा वरचा भाग पट्टीने मोजून, चारही कोन काटकोनात ठेवून चौरस काढला आणि त्याला खालून पाय लावले. चूक दाखवल्यावर तो म्हणाला, "बाई, टेबल चौरसच आहे ना? तुम्हीच यथार्थ म्हणालात." त्याला काय उत्तर द्यावे, हे मला सुचले नाही. हा शब्द सदोष आहे का? त्याऐवजी हिंदीतला 'परिप्रेक्ष्य' घ्यावा का? शिवाय डिझाइन या अर्थी आम्ही संकल्पचित्र, नक्षी आणि इथल्या सवयीने गुजराती 'भात' असे तीन शब्द वापरतो. त्यांत काही फरक मानावा का?

प्रतिसाद १ (निवृत्त संस्कृत शिक्षक) :

ताई, मुलाचे संस्कृत बिनचूक आहे. 'अर्थ' म्हणजे वस्तू, तिचे खरे स्वरूप. त्याला धरून असलेले ते यथार्थ. आपण काढायला सांगता ते याच्या नेमके उलट असते, कारण टेबलाच्या समांतर कडा डोळ्याला एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात आणि त्या तशाच काढायच्या असतात. यथाशक्ती म्हणजे शक्तीला धरून, तसे यथादर्शन म्हणजे दिसण्याला धरून. हा शब्दही मराठीत आहे आणि मला तो अधिक प्रामाणिक वाटतो.

'परिप्रेक्ष्य' मात्र घेऊ नये. त्यातील 'परि' सभोवार हिंडते, आणि या चित्रणाची तर पहिली अटच अशी आहे की पाहणाऱ्याने एका जागी उभे राहावे. 'पर्स्पेक्टिव्ह'च्या मूळ लॅटिन धातूचा अर्थ आरपार पाहणे असा आहे. त्यातील 'पाहणे' हा अंश संस्कृतातील 'पश्यति' आणि हेर या अर्थाचा 'स्पश' यांच्याच कुळातला.

याच ओघात 'लोपबिंदू' या शब्दाची शिफारस करतो. समांतर रेषा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूला काही जण 'अदृश्य बिंदू' म्हणतात, पण बिंदू अदृश्य नसतो, तो तर आपण कागदावर ठळक काढतो. पाणिनीने लोपाची व्याख्या 'अदर्शनं लोपः' (1.1.60) अशी केली आहे. वर्ण नाहीसा झाला असे नव्हे, तो दिसत नाही, इतकेच. रस्त्याचेही तसेच असते.

प्रतिसाद २ (वस्त्रसंकल्पक) :

डिझाइनच्या शब्दांपुरते लिहितो. 'संकल्पचित्र' हा शब्द महाराष्ट्रातील एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांच्या निमित्ताने मुलांच्या तोंडी बसला आहे आणि तो चांगला आहे, कारण पूजेपूर्वी हातावर पाणी घेऊन आपण जो संकल्प सोडतो, त्याप्रमाणे यातही हात चालण्याआधी मनाशी ठरवणे असते. 'नक्षी' म्हणजे पृष्ठभागावर उमटलेले काम. गुजरातीत 'भात' हा शिजवलेला तांदूळही आणि कापडावरची आकृतीही, त्यामुळे आमच्या घरी या शब्दावर वर्षानुवर्षे तेच ते विनोद होत आले आहेत. पण पाटणच्या पटोळ्याची (रेशमी साडीची) 'नारीकुंजर भात', म्हणजे स्त्रिया आणि हत्ती यांची आकृती, पाहिली की शब्दाची खोली कळते. तिथे उभे आणि आडवे दोन्ही धागे विणण्यापूर्वीच बांधून रंगवतात, म्हणजे माग सुरू होण्याआधी आकृती सुतात ठरलेली असते. तिथे भात हाच संकल्प. छापील कापडाबद्दल मी असे म्हणणार नाही.

'यथार्थदर्शन' बदलण्याविषयी मात्र माझी हरकत आहे. मुले पुस्तकांत तोच शब्द वाचतात आणि त्यांना पुढे तोच भेटणार आहे. बडोद्यात 1890 साली कलाभवन सुरू झाले, तेव्हा कारागिरीचे शिक्षण लोकभाषेतून देण्याचा आग्रह होता. तो आग्रह टिकायचा तर रुळलेले शब्द सारखे हलवून चालणार नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर :

दोघांचेही आभार. या तासाला मी शब्द बाजूला ठेवून मुलांना खिडकीशी नेले. एक डोळा मिटायचा, हनुवटी गजावर टेकवून डोके स्थिर ठेवायचे आणि समोरच्या इमारतीच्या कडा काचेवरच स्केचपेनने गिरवायच्या. गच्चीची कड खाली आणि पायाची कड वर झुकत गेलेली पाहून मुलांना गंमत वाटली. 'आरपार पाहणे' हा मूळ अर्थ तिथे निराळा सांगावा लागला नाही. त्यानंतर फळ्यावर 'यथादर्शन' लिहिले आणि पुस्तकात भेटेल म्हणून 'यथार्थदर्शन' त्याच्या शेजारी.

चौरस टेबल काढणाऱ्या मुलाला मी सांगितले की त्याने टेबलाचा नकाशा काढला होता आणि खरी मापे नकाशातच राहतात, म्हणून यथार्थ हा शब्द त्याच्या चौरसाला शोभतो. पाय मात्र वरून दिसले नसते. (नक्षी आणि नकाशा हे दोन्ही शब्द अरबी 'नक्श'पासून आले आहेत, हे त्याला सांगायचे राहिले.) पुढच्या तासासाठी जुन्या शहराच्या लहेरीपुरा दरवाजातून मांडवी या कमानींच्या इमारतीकडे जाणारा रस्ता दोनदा काढायला दिला आहे, एकदा नकाशात आणि एकदा दरवाजाखाली उभे राहून. त्याने आताच विचारले आहे की दुसऱ्या चित्रात लोपबिंदू मांडवीच्या कमानीत घ्यायचा की तिच्या मागे.