जुना पितळी स्टोव्ह घ्यायचा आहे, बजेट ८००. ओळखायचा कसा?

पोट्टा_दारव्ह्याचा: नमस्कार मंडळी. आमच्याकडच्या भंगारवाल्याकडे दोन पंपाचे स्टोव्ह आहेत. एक चकचकीत, टाकीवर 'प्रायमस' आणि 'स्वीडन' असा शिक्का, सांगतो २५००. दुसरा काळा पडलेला, एक पाय वाकलेला, कंपनीचं नाव नाही, ६००. टाकीवर टाक्याने कोरलंय, 'मामाकडून भेट, १९६२'. शोकेससाठी नको, पेटवायचा आहे. बजेट ८००.

वऱ्हाडी_ठेचा: प्रायमसच घे भाऊ, २५०० काहीच नाही. मी नागपूरच्या इतवारीतून ४००० ले घेतला, पाहुणे पाह्यतच राह्यतात.

जुनं_ते_सोनं: प्रायमस १८९२ पासूनचा, फ्रान्स लिंडक्विस्टने काढलेला. अस्सल असेल तर टाकीवर बी. ए. योर्थ, स्टॉकहोम असं कंपनीचं नाव सापडतं. १९११ पासून वर्षाचं अक्षरही मारत, ए म्हणजे १९११. शिक्क्याची अक्षरं उथळ, पुसट कडांची असली अन् पितळ मात्र नवंकोरं, तर नकलेचा संशय धर. जवळून फोटो टाक.

पोट्टा_दारव्ह्याचा: अक्षर दिसलं नाही. तो फोटो काढू देत नाही.

वऱ्हाडी_ठेचा: मंग बनावटच असंन. माह्या स्टोव्हवर अक्षर हाये.

मोर्शीची_माई: काहून घेता रे बाबांनो? तेव्हा पेपरात 'स्टोव्हच्या भडक्याने' अशी बातमी यायची, अन् जळायची ती सूनच. सासू कधी जळल्याचं मी तं वाचलं नाही. माझ्या घरात स्टोव्ह नको म्हणजे नको.

राकेलवाला_भाऊ: माई बरोबर बोलल्या, पण मुद्दा येगळा हाये. राकेल आणणार कुठून? राशनवर भेटणं बंद झालं. डिझेल टाकशीन तं काजळी धरंन, अन् पेट्रोल तं चुकूनही टाकू नोको.

जुनं_ते_सोनं: मूळ प्रश्नाकडे या. घेण्याआधी टाकी रिकामी कर, हवा सोडायची किल्ली आवळ, हवा भर आणि बादलीत बुडव. बर्नरचं बारीक भोक सोडून जिथून बुडबुडे निघतील तिथे गळती. पंपाचा दांडा दाबून सोडल्यावर आपोआप वर येत असेल तर तळाचा व्हॉल गेलाय. दाब बसतच नसेल तर चामड्याचा वायसर सुकलेला असतो. तो खोबरेलात रात्रभर भिजव, बहुतेकदा तेवढ्यानंच काम होतं. बर्नरला बारीक चीर असेल तर मात्र सोडून दे.

मोर्शीची_माई: वायसरला आम्ही गोडं तेल लावायचो.

वऱ्हाडी_ठेचा: खोबरेलच चांगलं. आणि पेटवायला आधी काकडा (भिजवलेली वात) लावून बर्नर चांगला तापू दे, नाहीतर घासलेट वाफ न होता तसंच बाहेर येऊन भडका उडतो. हे कोणीच सांगितलं नाही.

पितळी_पातेलं: भंडाऱ्याला पितळेचे कारागीर आहेत, वाकलेला पाय सरळ करून देतील. पण १९६२ हे भेटीचं साल, बनवल्याचं नव्हे. स्टोव्ह त्याआधी दुसऱ्याच्या घरी असू शकतो. बिननावाच्या मालाला संग्राहक विचारत नाहीत, त्यापेक्षा प्रायमसच घे.

राकेलवाला_भाऊ: २५०० सांगतोय म्हंजे १८०० ले देईन. बजेट थोडं वाढव.

पोट्टा_दारव्ह्याचा: काळाच घेतला, ५५० ला. बादलीत बुडवून पाहिला, टाकी गळत नाही. चीर मात्र आहे, बर्नरच्या मानेला, अगदी केसासारखी. चिंचेनं घासला तर कोरीव अक्षराखाली 'सौ.' एवढं दिसलं, पुढचं नाव झिजलंय. प्रायमस तिथेच आहे, कोणाला पाहिजे असेल तर जा. आता बर्नर कुठे मिळेल?

जुनं_ते_सोनं: चिरेचा बर्नर सोडून दे म्हटलं होतं ना!

वऱ्हाडी_ठेचा: मी तं आधीच म्हटलं होतं प्रायमस घे. बर्नर हाये एक माह्याकडे, टोपीवाला, आवाज करत नाही. ३०० लागतीन. भोक साफ करायच्या पिना फुकट.