पणजीच्या मापाने वाळपई मोजायची का?

सत्तरीकर
गोव्यातल्या छोट्या पालिका सरकारी अनुदानावर जगतात, त्यापेक्षा त्यांच्या पंचायती करा, असं हल्ली वरचेवर ऐकू येतं. आधार काय, तर दरमाणशी घरपट्टी: पणजी वर, वाळपई-सांगे तळाला. मला हे मुळातच अन्यायाचं वाटतं.

गोव्यात १ महानगरपालिका आणि १३ नगरपालिका. २०११ च्या जनगणनेत मुरगावात ९४ हजार माणसं, वाळपईत ९ हजारांहूनही कमी. पणजीत बँका, हॉटेलं, मोठी दुकानं. म्हणजे घरपट्टीसोबत ट्रेड लायसन्स आणि साइनबोर्डची फीही आलीच. आमच्या वाळपईत बाजार आणि बसस्टँड. पण अधिकारी, कारकून, सफाई कामगार, कचऱ्याची गाडी दोन्हीकडे लागते. पगारवाढ झाली की आमचाही बोजा वाढतो, उत्पन्न मात्र तिथंच. आणि जकात बंद झाल्यावर तिच्या बदल्यात जे अनुदान मिळतं त्याला भीक का म्हणायचं? ती गेलेल्या उत्पन्नाची भरपाई आहे.

म्हापशेकर
सत्तरीकरबाब, दरमाणशी आकडा सोडून देऊ. पण वसुली? किती घरपट्टी लावली आणि त्यातली किती हाती आली, हे गाव लहान असो की मोठं, सारखंच मोजता येतं. केंद्राच्या १५ व्या वित्त आयोगानेही शहरांच्या अनुदानासाठी हीच अट घातली होती: घरपट्टीचे किमान दर जाहीर करा, आणि वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या (जीएसडीपी) वेगाने वाढवा.

एका पालिकेच्या मार्केटात माझ्या काकांचा गाळा आहे. शेजारच्या खासगी दुकानाच्या भाड्याचा दहावा हिस्साही ते भरत नाहीत. कित्येक वर्षं दर बदललेलाच नाही, आणि आमच्या घरात कुणी बदला म्हटलं नाही. असे गाळे ठिकठिकाणी आहेत. नगरसेवक मतांना भितात, थकबाकी साठत जाते, मग सगळे मिळून सरकारकडे हात पसरतात. शुक्रवारच्या बाजारात खाली बसणाऱ्या बायकांकडून सोपो, म्हणजे बसण्याची फी, मात्र त्याच दिवशी रोख घेतात. गरीब भरतो, गाळेवाला सुटतो.

वास्कोवाली
वसुली मोजा, पण आधी पालिकेला काय लावता येतं तेही बघा. आमच्याकडे, मुरगाव पालिकेत, रेल्वे आणि नौदलाची केवढी जागा! केंद्राच्या मालमत्तेवर घटनेच्या कलम २८५ मुळे घरपट्टी लागत नाही, फार तर सेवाशुल्क. रस्ते, गटारं आणि कचरा आमच्याच माथी. पणजीचंही तेच, मांडवीतल्या कॅसिनोंचं परवाना शुल्क राज्याच्या तिजोरीत, त्यांच्या गिऱ्हाइकांची वाहनं शहराच्या रस्त्यावर.

बार्देशची लेक
तुम्ही सगळे पालिकांवरच अडलात. २०११ लाच ६२ टक्के गोवा शहरी होता, तरी त्यातला मोठा भाग पंचायतींत राहतो. कळंगुट अजून पंचायतच! हॉटेलांची रांग तिथं, आणि कचरा जातो साळगावच्या सरकारी प्रकल्पात. वाळपईची पंचायत करण्याआधी कळंगुटची पालिका का नको?

म्हापशेकर
कळंगुटचं मान्य. तरीही माझा मुद्दा तसाच आहे, वसुली न करणाऱ्या पालिकेला वाढीव अनुदान देऊ नये.

सत्तरीकर
इथं मात्र मी तुमच्या विरोधात आहे, म्हापशेकरबाब. अनुदान कापलं तर गाळेवाल्याचं काही बिघडत नाही, सफाई कामगाराचा पगार लांबतो. गाळ्यांचे दर वाढवा, थकबाकीदारांची नावं पालिकेच्या फलकावर लावा, त्याला माझा पाठिंबा. पण घटनेप्रमाणे राज्य वित्त आयोग दर ५ वर्षांनी बसायला हवा, कुणाला किती द्यायचं ते त्यानं सांगायचं. १९९४ पासून आतापर्यंत निदान ६ व्हायला हवे होते, तेवढे झालेले नाहीत. सरकारने ते काम वेळेवर केलं नाही, त्याची शिक्षा वाळपईला कशासाठी?

म्हापशेकर
आयोगाचं बरोबर आहे. तो बसेल तेव्हा प्रत्येक पालिकेची वसुली त्याच्यासमोर ठेवा, एवढं तरी मान्य करा.

सत्तरीकर
ठेवा. सोबत वास्कोवाली म्हणते ती न लावता येणारी घरपट्टीही ठेवा.