मदत हवी आहे : वृद्धांसाठीच्या चौकाबाऱ्यात काठिण्य कशावरून ठरवावे?

नमस्कार. मी बेळगावजवळ वडगावात राहतो आणि व्यवसायाने प्रोग्रामर आहे. माझी ७४ वर्षांची आई आणि तिच्या भजनी मंडळातील बायका यांच्यासाठी मी टॅबवर चौकाबारा हा कवड्या टाकून खेळायचा पटावरचा खेळ (काही भागांत यालाच अष्टाचंगपे म्हणतात) तयार करीत आहे. केवळ करमणूक हा हेतू नसून लक्ष, स्मरण आणि पुढचा विचार करून चाल ठरवणे यांचा रोज थोडा सराव व्हावा, अशी इच्छा आहे. २५ घरांच्या पटावर सोंगट्या बाहेरच्या फेरीत एका दिशेने आणि आतल्या फेरीत उलट दिशेने फिरतात, त्यामुळे डोक्याला काम मुळातच आहे.

हाताळणीचे प्रश्न बरेचसे सुटले. शेजारच्या कन्नड मावशींना देवनागरी वाचता येत नाही आणि आईला कन्नड, म्हणून पडद्यावर अक्षरे व आकडे न ठेवता चार कवड्यांचे चित्रच ठेवले. आईचे कोरडे बोट सोंगटी ओढताना मध्येच सुटत असे. पोथीचे पान उलटताना लावावे तसे ती बोट जिभेला लावू लागली, तेव्हा मी ओढणे काढून टाकले आणि सोंगटीवर बोट टेकवले की ती पुढे जाईल असे केले.

खरी अडचण काठिण्याची आहे. खेळणाऱ्याच्या कुवतीप्रमाणे खेळ सोपा-अवघड होत राहावा, हे तत्त्व मला पटते. २०१३ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, न्यूरोरेसर या गाडी चालवण्याच्या व्हिडिओ गेमच्या प्रयोगात ६० ते ८५ वयाच्या लोकांसाठी हेच केले होते आणि सराव न केलेल्या काही क्षमतांतही सुधारणा दिसली होती. परंतु चौकाबाऱ्यात दान नशिबाचे असल्यामुळे हारजितीवरून कुवत कळत नाही. मी एकदा हरणाऱ्याला गुपचूप बरे दान पडेल अशी सोय केली, तर तिसऱ्याच डावात आई म्हणाली, “ह्या कवड्या खोट्या पडतात की रे!” लहानपणापासून खेळलेल्या माणसाला फसवणे शक्य नाही, आणि ते योग्यही नव्हते.

आता दान तसेच ठेवून, मिळालेल्या दानात सर्वांत चांगली चाल निवडली का, मारता येणारी सोंगटी नजरेतून सुटली का, याची नोंद घ्यावी, असे वाटते. अशी नोंद किती डावांनंतर भरवशाची मानावी? चाल निवडायला लागलेला वेळ त्यात धरावा का? गप्पांत रमून उशीर करणाऱ्या बाईला त्यामुळे उगाच कमी लेखले जाईल, ही शंका आहे.

दुसरा प्रश्न दाव्याचा. अमेरिकेत ६५ वर्षांवरील २,८३२ लोकांवर झालेल्या ‘ॲक्टिव्ह’ या बौद्धिक सरावाच्या अभ्यासात (२००२) ज्या क्षमतेचा सराव दिला, प्रामुख्याने तीच सुधारली होती. त्यामुळे “विस्मरण टळेल” असे मी कोठेही लिहिणार नाही. मात्र मंडळातील बायका “याने काय होते?” असे थेट विचारतात, आणि त्यांना प्रामाणिक पण हिरमोड न करणारे उत्तर कोणत्या शब्दांत द्यावे, हे ज्येष्ठांसोबत काम केलेल्या सभासदांनी सुचवावे.