मदत हवी आहे: कॉलेजच्या सेवेच्या तासांसाठी खरं काम कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. माझी भाची धोबीतलावच्या झेवियर्समध्ये एफवायला आहे. जेझुइट फादरांनी 1869 साली काढलेलं कॉलेज, त्यामुळे अभ्यासाइतकंच समाजसेवेवरही लक्ष. ठरावीक तास बाहेर काम केल्याशिवाय सुटका नाही.

तास भरायला ती मागे एका संस्थेत गेली होती (नाव नको). टी-शर्ट दिले, बॅनर सरळ धरण्यात अर्धा तास गेला, झाडू हातात घेऊन फोटो, वर वडापाव. अडीच तास काम केल्याचं पत्र मिळालं. पोरगी वैतागून म्हणाली, "मावशी, कचरा होता तिथेच आहे!"

तिला अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक व्हायचंय. अक्षर सुवाच्य आहे, मराठी-इंग्रजी दोन्ही झरझर लिहिते. पण बऱ्याच परीक्षांत लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. मग एफवायच्या मुलीला कोणाचे पेपर लिहिता येतील? नाव कुठे नोंदवायचं? पुस्तकं रेकॉर्ड करून देण्याचं काम असेल तरी चालेल.

दुसरा विचार परळचा. टाटा हॉस्पिटलसमोर फुटपाथवर राहणारे पेशंटचे नातेवाईक आपण सगळेच बघतो. फॉर्म भरून देणं, खिडकी शोधून देणं, असल्या कामाला विद्यार्थी घेतात का?

आम्ही घाटकोपरला राहतो. शनिवार मोकळा, रविवारी अर्धा दिवस. तासांच्या कागदावर संस्थेचा सही-शिक्का लागेल. एनएसएस केलेल्यांनी किंवा ज्यांच्या मुलांनी असं काही केलंय त्यांनी, प्लीज, स्वतःचा अनुभव सांगा. नुसत्या लिंका नकोत.