नाडी 42, पोटॅशियम नॉर्मल: तरीही काळजी करावी का?

निशिगंधा:
माझी धाकटी बहीण 23 वर्षांची आहे. गेले दीड वर्ष तिचे जेवण कमी कमी होत गेले आहे आणि जे खाते तेही ती बरेचदा बाथरूमचे दार लावून, नळ सोडून, ओकून टाकते, हे मला अलीकडेच कळले. परवा जिना चढताना तिला भोवळ आली म्हणून मनगट धरून मोजले, तर नाडी मिनिटाला 42 भरली. रोज धावणाऱ्यांची नाडी कमीच असते, असे तिचे म्हणणे. मागच्या आठवड्यात रक्तातले पोटॅशियम 3.6 आले, त्यामुळे घरचे निर्धास्त आहेत. मी उगाच घाबरते आहे का?

डॉ_अनामिक:
उगाच नाही. धावपटूची नाडी मंद असते, कारण त्याचे हृदय भक्कम होऊन एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते. उपाशी शरीरात मात्र हृदयाचा स्नायू झिजलेला असतो आणि ऊर्जा वाचवण्यासाठी ठोके मंदावलेले असतात. अशी नाडी नुसते उठून चार पावले टाकली तरी कित्येकदा एकदम दुपटीच्या घरात जाते. भोवळ आणि 42 ही जोडी असताना वाट पाहू नका, आजच रुग्णालयात न्या.

पोटॅशियमविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण गल्लत इथेच होते. उलटीतून पोटॅशियम फारसे जात नाही, जाते ते आम्ल. त्यामुळे रक्त अल्कधर्मी होते आणि मूत्रपिंडे लघवीवाटे पोटॅशियम टाकू लागतात. म्हणूनच दोन-चार दिवस उलट्या थांबलेल्या असताना घेतलेला नमुना चांगला येतो आणि पुढच्याच आठवड्यात आकडा घसरतो. पोटॅशियम उतरले की ईसीजीतील क्यूटी अंतर, म्हणजे प्रत्येक ठोक्याला हृदयाचे खालचे कप्पे विद्युतदृष्ट्या उत्तेजित होऊन पुन्हा पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, लांबू शकते. स्त्रियांमध्ये ते मुळातच पुरुषांपेक्षा किंचित लांब असते. दुरुस्त क्यूटी (नाडीच्या वेगानुसार हिशेब करून काढलेले अंतर) स्त्रियांत 460 मिलिसेकंदांच्या पुढे गेल्यास आम्ही सावध होतो, कारण त्यातून जीवघेणी अनियमित लय सुरू होऊ शकते. उलटीवरची ऑनडॅनसेट्रॉन किंवा नैराश्यावरची सिटॅलोप्रॅम हे अंतर आणखी लांबवतात, तेव्हा चालू असलेल्या गोळ्यांची यादी सोबत न्या.

पुन्हा_उभी:
माझे वजन अगदी नॉर्मल होते, त्यामुळे कोणालाही शंका आली नाही. मी जुलाबाच्या गोळ्याही घेत असे. पोटॅशियम 2.7 निघाले आणि औषध घेऊनही तीन दिवस हलेना. मॅग्नेशियम कमी असल्याचे कळून ते दिल्यावर कुठे चढू लागले. एक मात्र सांगते: घाबरून तिला घरी एकदम भरपूर खायला घालू नका. दीर्घ उपासानंतर अचानक भरपूर अन्न मिळाले की इन्सुलिन वाढून फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढले जातात व त्यानेही हृदयाची लय बिघडू शकते. माझे जेवण बेताबेताने वाढवले आणि रोज रक्त तपासले. टोचून टोचून हात काळेनिळे झाले होते, पण असो.

निशिगंधा:
दोघांचेही आभार. काल संध्याकाळी नेले. दुरुस्त क्यूटी 478, पोटॅशियम 3.1, मॅग्नेशियमही कमी. मॉनिटरवर ठेवले आहे आणि रात्री झोपेत नाडी 36 पर्यंत उतरल्यामुळे गजर दोनदा वाजला. सकाळी तिने डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो धावायला कधी जाता येईल, हा.