स्वतः बसवलेला बॉयलर आणि गॅस सेफची सही

"बॉयलर आपणच बसवू, मग गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी) इंजिनिअरला बोलावून सर्टिफिकेट घेऊ" असं काहीजण सुचवतात. इंग्लंडमध्ये हे चालत नाही. नोंदणीकृत इंजिनिअर फक्त स्वतः केलेलं काम प्रमाणित करून कळवू शकतो. दुसऱ्याच्या कामाचा तो तपासणी अहवाल देईल, पण तो कागद वेगळा.

रस्ता कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलमधून, म्हणजे बांधकामाचे नियम पाळले की नाही हे पाहणाऱ्या विभागातून जातो. काम त्यांना न कळवता झालं असेल तर रेग्युलरायझेशनचा, म्हणजे झालेलं काम मागाहून नियमित करून घेण्याचा अर्ज करा. ते इंजिनिअरचा अहवाल मागू शकतात, झाकलेला पाइप उघडायलाही सांगू शकतात. घर विकताना घेणाऱ्याचा वकील बिल्डिंग कंट्रोलचा हाच कागद शोधतो, म्हणून टाळाटाळ नको.

घोडं अडतं ते बहुधा गॅसच्या पाइपवर. जुनी १५ मिमीची लांब लाइन कॉम्बीला (घर तापवणं आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा बॉयलर) पुरत नाही. बॉयलर पूर्ण भारावर असताना मीटरपासून तिथपर्यंत दाब १ मिलिबारपेक्षा जास्त पडता कामा नये. म्हणून बराचसा भाग २२ मिमीचा घालावा लागतो. दुसरी चूक कंडेन्सेटची, म्हणजे बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याच्या निचऱ्याची. घराबाहेर काढलेला २१.५ मिमीचा पाइप कडाक्याच्या थंडीत गोठतो, पाणी मागे तुंबतं आणि बॉयलर बंद पडतो. बाहेर किमान ३२ मिमी, वर इन्सुलेशन आणि दर मीटर लांबीला ४५ मिमी उतार हवा. फ्ल्यूचं (जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीचं) तोंड उघडणाऱ्या खिडकीपासून ३०० मिमी दूर ठेवा.

आणि कृपा करून, तपासणी होईपर्यंत बॉयलरचा गॅस व्हॉल्व्ह बंदच ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.