दादरचं पोर्तुगीज चर्च: जुनं पाडून नवं बांधलं ते योग्यच झालं

पार्कातला
गोखले रोडवरच्या पोर्तुगीज चर्चपाशी 'जुनं पाडायला नको होतं' असं हमखास ऐकू येतं. मला पटत नाही. १५९६ मध्ये फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी इथे चर्च उभारलं, ते मोलाचंच. पण वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी १९७४ ते ७७ मध्ये बांधलेली वास्तू मुंबईतल्या उत्तम वास्तूंपैकी एक आहे. एकदा आत जा. वर निमुळती होत गेलेली काँक्रीटची छतं, त्यांच्या माथ्यावरून उतरणारा उजेड, मधली मोकळी अंगणं. गरम हवा वरच्या वर निघून जाते. शिवाय कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लोकभाषेत आली, फादर भाविकांकडे तोंड करून उभे राहू लागले. लांबट दालन आणि पार टोकाला वेदी, ही रचना त्या उपासनेला अपुरीच होती.

गावठाणकर
कोरिया मोठे, वाद नाही. पण वेदी पुढे आणली की झालं. त्यासाठी इमारत पाडावी लागते? वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज सोळाव्या शतकापासूनचं, तिथे आजच्या पद्धतीने मिस्सा होतेच. माहीमचं सेंट मायकल १५३४ चं, तेही १९७३ मध्ये नव्याने बांधलं. चार-पाच वर्षांत शेजारशेजारच्या दोन चर्चांचं जुनं रूप गेलं! आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक. आमच्याबद्दल लिहिलं गेलंय फार थोडं. चर्च आणि गल्लीतले क्रूस, हाच आमचा पुरावा.

वास्तुप्रेमी
तेव्हा अडवणार कोण? मुंबईत जुन्या वास्तू जपण्यासाठीची वारसा नियमावली आली १९९५ मध्ये. आणि पोर्तुगीज घाटाच्या बांधणीपेक्षा अंगण आपल्या हवेला जवळचं.

गावठाणकर
कायदा नव्हता म्हणून हळहळूही नये का? आणि घाट पोर्तुगीज असला तरी त्या वेदीपुढे पिढ्यान्‌पिढ्या आमची लग्नं लागली, मयती निघाल्या. तो आमचाच झाला होता.

पार्कातला
लग्नं आजही तिथेच लागतात. कोरियांची वास्तूही पन्नाशीला आली. उद्या कुणी ती पाडायला निघालं तर तुम्ही कुठल्या बाजूला?

गावठाणकर
जपायच्या. उघड्या काँक्रीटला मुंबईचा पाऊस सोसत नाही, डागडुजी वेळेवर व्हायला हवी. पण जुन्या चर्चमधल्या लग्नांचे, बाप्तिस्म्यांचे फोटो ज्यांच्या घरी असतील त्यांनी ते स्कॅन करून ठेवा. त्या फोटोंच्या मागे वेदी दिसते, खांब दिसतात. ते ओळखणारी माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत.